कासवासाठी सत्तावीस आरसे

"त्याच्या कॉफीत मीठ घालू!" फेर्मिन म्हणाला.

"फार साधं," रेमे म्हणाली.

"मग बुटात विंचू?"

"विंचवाने काय पाप केलंय, मोन्काडाच्या बुटात जायला?"

अंजिराच्या झाडाखाली तिघं जण बसली होती. रेमेने, म्हणजे तेरा वर्षांच्या रेमेदिओसने, वहीच्या शेवटच्या पानावर 'सूड' असं ठळक अक्षरांत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याखाली आतापर्यंत आठ उपाय होते आणि आठही खोडलेले होते. तिच्याहून वर्षाने लहान असलेला फेर्मिन सूर्यफुलाच्या बिया खात होता आणि टरफलं शक्य तितक्या लांब थुंकत होता. अकरा वर्षांची कासिल्दा पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. मळा तिच्याच घरचा असल्यामुळे तिला तिथून कोणी उठवू शकत नव्हतं.

"निवडुंगाची कुसळं," कासिल्दा पान उलटत म्हणाली.

"काय?"

"फड्या निवडुंगाच्या बोंडांवर बारीक कुसळं असतात ना? ती त्याच्या टॉवेलवर झटकायची. दिसत नाहीत. तो घाम पुसणार, आणि मग आठवडाभर खाजवत बसणार."

रेमे तिच्याकडे बघतच राहिली. "कासिल्दा, तू दिसतेस तशी अजिबात नाहीस!"

नववं कलम मात्र तिने खोडलं नाही.

रागाला कारणही तसंच होतं. बाल्देरोहा गावची तांब्याची खाण बंद पडून बारा वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात माद्रिदच्या एका संस्थेची माणसं सहा चाकांची एक छोटी गाडी घेऊन गावात आली. गाडीच्या पाठीवर उन्हापासून वीज करणारे सौर पत्रे होते, त्यामुळे मुलांनी तिचं नाव कासव ठेवलं. चंद्रावर काही खड्डे असे आहेत की त्यांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. तिथे गाडी चालवायची तर काठावर आरसा उभा करून ऊन खाली पाठवायचं, अशी संस्थेची कल्पना होती. म्हणून कासवाला खाणीच्या खड्ड्यात, दक्षिणेकडच्या कड्याखालच्या अंधाऱ्या कपारीत ठेवलं होतं आणि समोरच्या काठावर पुरुषभर उंचीचा आरसा उभा केला होता.

पण आरशातून येणारं ऊन हलतं, विरतं, कमीजास्त होतं. अशा लहरी उन्हातून होईल तेवढी वीज काढून ती बॅटरीला मानवेल अशी करून देणारा डबा रेमेच्या बाबांनी बनवला होता. एलादिओ खाणीतले जुने वायरमन. "शेळीची धार काढण्यासारखं आहे," ते रेमेला सांगायचे. "फार ओढलंस तर ती पान्हा चोरते, ओढलंच नाहीस तर भांडं रिकामं. माझा डबा थोडं जास्त ओढून बघतो. वीज वाढली तर आणखी ओढतो, कमी झाली की हात सैल करतो. सेकंदाला शंभर वेळा!"

आणि परवाच्या रविवारी, भर चौकात, साग्रारिओमावशीच्या कॉफीच्या दुकानासमोर, सगळं गाव बसलेलं असताना संस्थेचा इंजिनिअर मोन्काडा मोठ्याने म्हणाला होता, "तो डबा काही कामाचा नाही! ऊन भरपूर आहे, पण बॅटरी रोज रिकामी. चूक माझीच. बल्ब बदलणाऱ्या माणसाला चंद्राचं काम दिलं मी!"

लोक हसले. काही जण तर ओळखीचे होते. एलादिओंनी कॉफी अर्धीच ठेवली आणि ते घरी आले. त्या दिवसापासून ते जेमतेम बोलत होते. शुक्रवारी माद्रिदहून संस्थेच्या प्रमुख, सेन्योरा साल्सेदो, येणार होत्या. डबा नापास झाला की एलादिओंचं काम जाणार आणि शनिवारच्या बसने सगळ्या घराला दूर उत्तरेला, काकाच्या कारखान्याच्या गावी जावं लागणार. आईने बॅगा खाली काढल्यासुद्धा होत्या.

"आज मंगळवार," रेमे उठत म्हणाली. "चला, चिमटा आण, फेर्मिन!"

*

दुपारच्या जेवणानंतर बाल्देरोहात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. खिडक्यांच्या झडपा लावून सगळं गाव झोपतं. चिमट्याने गोळा केलेल्या कुसळांची बाटली हातात जपून धरून तिघं जण खाणीच्या काठावर पोचली.

तिथल्या दोन पाइन झाडांमध्ये जाळीचा झोपाळा होता, आणि झोपाळ्यात मोन्काडा होता. टोपी तोंडावर, एक पाय बाहेर, आणि घोरणं असं की पाइनची सुई गळून पडावी. शेजारच्या फांदीवर त्याचा टॉवेल लोंबत होता.

रेमेने चिमट्याने बाटलीचं बूच काढलं. तेवढ्यात फेर्मिनने तिची बाही ओढली.

"अगं, खाली बघ. कासव अंधारात आहे!"

रेमेने वाकून पाहिलं. आरशाचा चकाकता कवडसा कपारीत पडलाच नव्हता. तो चार हात बाजूला, कोरड्या लाल खडकावर पडला होता. एक पाल तिथे मजेत ऊन खात होती!

"सूर्य सरकतो, म्हणून आरसा दर दहा मिनिटांनी फिरवायचा असतो," रेमे हळूच म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं. ते हँडल फिरवायचं काम याचंच आहे."

"आणि हा इथे पाइन कापतोय," फेर्मिन म्हणाला. "नाकाने!"

"इकडे या," कासिल्दा कुजबुजली. ती टेबलाजवळ उभी होती. टेबलावर एक मीटर होता आणि त्याची तार काठावर आडव्या ठेवलेल्या लहानशा सौर पत्र्याला जोडलेली होती. वर ऊन किती आहे, ते या मीटरवर दिसायचं. दर अर्ध्या तासाने तो आकडा नोंदवहीत लिहायचा आणि त्याच्या शेजारी कासवाच्या बॅटरीचा आकडा.

"आत्ता किती वाजलेत?"

"साडेतीन."

"वहीत संध्याकाळी पाचपर्यंतचे आकडे लिहून झालेत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे माणूस झोपतो, कासव अंधारात उपाशी राहतं, वहीत मात्र 'ऊन भरपूर' असं लिहिलं जातं, आणि दोष बाबांच्या डब्याला! कासिल्दाने घाईघाईने पेन्सिल काढली आणि उन्हाचे आकडे आपल्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर उतरवायला सुरुवात केली.

आता गुपचूप निघून जायला हवं होतं. तसं ठरलंही होतं. पण रेमेला रविवारची ती अर्धी राहिलेली कॉफी आठवली, आणि तिचा तोल गेला.

"खोटारडा!" ती किंचाळली. "झोपाळू, खोटारडा माणूस!"

मोन्काडा झोपाळ्यातून जवळजवळ खाली पडला. क्षणभर त्याला काही कळेना. मग त्याने मुलांना पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि एका झडपेत वही बगलेत मारली.

"तुम्ही झोपला होता! कासवावर ऊनच नाही! मी सगळ्यांना सांगणार आहे!"

"सांग ना," मोन्काडा म्हणाला. त्याने केस नीट केले. आवाजही नीट केला. "मी इंजिनिअर. तू त्या बल्बवाल्याची पोरगी. कोणाचं ऐकतील?" मग त्याने आरशाच्या खांबावरचं हँडल उपसून काढलं आणि पिशवीत टाकलं. "आणि आता आरसाही फिरणार नाही. शुक्रवारी मी सांगीन, गावच्या कारट्यांनी हँडल पळवलं. चला, चालते व्हा!"

तिघं गावाकडे परत निघाली. वाटेत फेर्मिन म्हणाला, "रेमे, तुला एक सांगू?"

"नको."

"तुझं तोंड..."

"नको म्हटलं ना!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचंही होतं आणि स्वतःच्या मूर्खपणाचंही. कुसळांची बाटली हातात तशीच होती. तिने ती रस्त्याकडेच्या कोरड्या विहिरीत फेकून दिली. नुसत्या खाजेने तिचं समाधान होणार नव्हतं. आता तिला सगळं गाव बघायला हवं होतं.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. एलादिओंनी शांतपणे ऐकून घेतलं. "माझा विश्वास आहे गं," ते म्हणाले. "पण त्याच्या हातात वही आहे. आपल्या हातात काय आहे?"

*

बुधवारी दुपारी मळ्यात कासिल्दाची पाण्याची पाळी होती. बाल्देरोहात पाटाच्या पाण्याच्या पाळ्या अजून जुन्या पद्धतीने, सूर्यावर चालतात. कासिल्दाच्या घराची पाळी सूर्याच्या बाराला. म्हणजे जमिनीत रोवलेल्या काठीची सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा तिने पाटाची फळी उचलायची, आणि नाही उचलली तर शेजारचा मळेवाला चार दिवस शिव्या द्यायचा.

रेमे आणि फेर्मिन पाटाच्या कडेला पाय सोडून बसले होते. कासिल्दाचं एक लक्ष सावलीवर आणि एक पुस्तकात उतरवलेल्या आकड्यांवर.

"किती सुबक लिहिलेत आकडे," ती पुटपुटली. "अकराला ब्याण्णव, बाराला शंभर, एकला परत ब्याण्णव. अडीचला एकोणसत्तर. अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखे चढतात आणि उतरतात."

"आकृती खा आता," फेर्मिन म्हणाला. "सावली बघ, नाहीतर शेजारचा तुला खाईल."

सावली काठीच्या बुंध्याशी आली होती. कासिल्दाने फळी उचलली आणि पाणी खळखळत वांग्यांच्या वाफ्यात शिरलं. मग ती तशीच, फळी हातात धरून उभी राहिली.

"फेर्मिन, घड्याळात किती वाजले?"

"अडीच. तुझी पाळी उन्हाळ्यात रोज अडीचलाच असते. दरवर्षी त्यावरून रडतेस."

"आपली सरकारी घड्याळं उन्हाळ्यात सूर्याच्या अडीच तास पुढे असतात. सूर्याचे बारा वाजतात तेव्हा घड्याळात अडीच वाजलेले असतात," कासिल्दा सावकाश म्हणाली. "ऊन सगळ्यांत जास्त आत्ता आहे. आणि त्याच्या वहीत ते घड्याळातल्या बाराला आहे!"

रेमे ताडकन उठली. "त्याने मीटर पाहिलाच नाही! एकदासुद्धा नाही! घरी बसून आकडे रचले, आणि पुस्तकात सूर्य बाराला डोक्यावर असतो म्हणून बाराला शंभर लिहिलं! चला, आत्ताच्या आत्ता त्याच्या तोंडावर..."

फेर्मिनने तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं. "आत्ता सांगितलंस तर तो आज रात्रभर बसून वही दुरुस्त करील. काल तो फक्त झोपल्याबद्दल घाबरला. हे त्याला माहीतच नाही. ती वही तो शुक्रवारी स्वतःच्या हाताने, छाती फुगवून, बाईंना देणार आहे. देऊ दे!"

रेमेने ओठ घट्ट मिटले. दोन दिवस गप्प बसायचं! आयुष्यात तिने इतकं अवघड काम केलं नव्हतं.

"पण तेवढ्याने भागणार नाही," कासिल्दा म्हणाली. "तो खोटा ठरेल. डबा चांगला आहे हे कुठे ठरतं? त्यासाठी कासवाला ऊन पाहिजे, आणि आरसा अडकलाय."

"गावात तो एकच आरसा आहे का?" रेमे म्हणाली.

*

बुधवारची संध्याकाळ आणि अख्खा गुरुवार तिघं घरोघर फिरली.

"शुक्रवारी अडीच वाजता? जेवण आणि झोप सोडून?" इलारिओ न्हावी म्हणाला. "कोणी वारलंय का?"

"इलारिओकाका, मोन्काडा तुमच्याबद्दल काय म्हणाला होता?"

न्हाव्याचा चेहरा बदलला. "म्हणाला, माझ्यापेक्षा मेंढ्या कातरणारा बरा."

"मग त्याची फजिती बघायला येणार ना?"

"दुकानातला मोठा आरसा आणतो!"

साग्रारिओमावशीला फारसं सांगावंच लागलं नाही. तिच्या गास्पाचोला, टोमॅटोच्या थंड सुपाला, मोन्काडा 'लाल पाणी' म्हणाला होता, तेही तीन पाहुण्यांदेखत. "कपाटाचं दार काढून आणते," ती म्हणाली. "आरशासकट!" आणि मग तिने आवाज खाली आणला. "रविवारी मीही हसले होते गं, रेमे. तेव्हापासून एलादिओला कॉफी द्यायला तोंड नाही मला."

रेमेला वाटलं होतं, गावात मोन्काडावर राग फक्त तिचाच. फेर्मिनने मोजलं तेव्हा आरसे सत्तावीस भरले.

*

शुक्रवारी सेन्योरा साल्सेदो बाराच्या सुमाराला काठावर आल्या. पांढरे आखूड केस, पायात मळके बूट. आल्या आल्या त्यांनी मीटर पाहिला आणि सवयीने आपल्या डायरीत आकडा लिहिला. मग मोन्काडाने त्यांना सावलीत बसवून दोन तास डब्याचे दोष ऐकवले. एलादिओ टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते.

"आता चाचणी घेऊ," शेवटी बाई म्हणाल्या.

"कशी घेणार, बाईसाहेब? या कारट्यांनी हँडल पळवलं!" मोन्काडाने मुलांकडे बोट दाखवलं. "पण चाचणीची गरजच काय? हे बघा, तीन आठवड्यांच्या नोंदी. वर ऊन शंभर टक्के, खाली बॅटरी रिकामी."

बाई पानं चाळू लागल्या. रेमेने कासिल्दाला हळूच ढकललं. कासिल्दा पुढे झाली, लाल झाली, आणि सगळे शब्द विसरली.

"बोल ना!" फेर्मिन पुटपुटला.

"सेन्योर मोन्काडा," ती कशीबशी म्हणाली, "हे आकडे तुम्ही स्वतः मीटरवर बघून लिहिलेत का?"

"प्रत्येक! दर अर्ध्या तासाने, या उन्हात, घाम गाळत!"

"नक्की?"

"शपथेवर सांगतो, पोरी!"

"मग सेन्योरा, आत्ता अडीच वाजलेत. तुम्ही मीटर बघाल का?"

बाईंनी मीटर पाहिला. मग डायरी पाहिली. मग वही. पुन्हा मीटर.

"बाराला मी स्वतः चौऱ्याहत्तर लिहिलं," त्या म्हणाल्या. "आत्ता शंभर आहेत. तुमच्या वहीत मात्र तीन आठवडे रोज बाराला शंभर आणि अडीचला एकोणसत्तर."

"आज... आज हवा जरा..."

"आमच्या मळ्यात सूर्याचे बारा अडीचला वाजतात," कासिल्दाला आता शब्द सापडले होते. "रोज! मला पाणी सोडावं लागतं. हवेचा काही संबंध नाही!"

"आणि मंगळवारी साडेतीन वाजता वहीत पाचचे आकडे होते!" रेमे ओरडली. दोन दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "हा झोपला होता, कवडसा खडकावर होता, पाल ऊन खात होती आणि माझ्या बाबांचा डबा उपाशी होता!"

बाईंनी वही मिटली.

"वही खोटी असेल," सेन्योरा साल्सेदो म्हणाल्या, "पण डबा खरा आहे का, ते अजून मला कळलेलं नाही."

"कळेल!" रेमेने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली.

पाइनच्या मागून सगळं बाल्देरोहा बाहेर आलं. पुढे इलारिओ न्हावी, दुकानाचा आरसा डोक्यावर घेऊन. मागे साग्रारिओमावशी आणि तिचा मुलगा, कपाटाचं दार दोन्ही बाजूंनी धरून. कोणाकडे बेसिनवरचा आरसा, कोणाकडे लग्नातला सोनेरी चौकटीचा. झोपमोड झालेल्या माणसांनी काठावर दगडांचा आधार देऊन सत्तावीस आरसे टेकवले.

"कपारीत धरा! कपारीत!" फेर्मिन सेनापतीसारखा नाचत होता. "इलारिओकाका, वर! तुमचं ऊन खालच्या डबक्यात पडलंय! मावशी, दार डावीकडे!"

समोरच्या कड्यावर सत्तावीस कवडसे धावू लागले. एक घसरला, दोन एकमेकांवर आदळले, मग एकेक करून ते अंधारात शिरले आणि कासवाच्या पाठीवर येऊन थरथरत बसले. कोणाचा हात हलला की ऊन घटायचं, दुसऱ्याने सावरलं की वाढायचं.

"असलं नाचरं ऊन कुठल्याही डब्याला झेपणार नाही!" मोन्काडा ओरडला.

एलादिओ पहिल्यांदाच बोलले. "माझा त्यासाठीच बनवलाय."

कासवाची बॅटरी किती भरली ते त्यांनी हातात घेतलेल्या रेडिओच्या पेटीवर एका काट्याने दिसत होतं. काटा शून्यावर होता. पाच मिनिटं गेली. घाम डोळ्यांत जात होता, पण एकही आरसा खाली आला नाही. मग काटा हलला. थांबला. पुन्हा वर सरकला. ऊन नाचत होतं, काटा मात्र मागे येत नव्हता.

"ओढतोय," एलादिओ कुजबुजले. "बघा, जेवढं मिळतंय तेवढं सगळं ओढतोय!"

वीस मिनिटांनी त्यांनी पेटीवरची दांडी पुढे केली. खाली कपारीत काहीतरी गुरगुरलं. कासवाची सहा चाकं वळली आणि ते कवडशांचं ओझं पाठीवर घेऊन एकेक इंच बाहेर आलं!

काठावर एकच गलका झाला. आनंदात साग्रारिओमावशीने टाळ्या वाजवल्या, आणि कपाटाचं दार मुलाच्या पायावर पडलं. गडबडीत मोन्काडाने पिशवीत हात घातला. "अरे, हे काय! हँडल इथेच होतं की," तो म्हणाला. कोणी हसलंसुद्धा नाही.

सेन्योरा साल्सेदोंनी एलादिओंचा हात हातात घेतला. "इतक्या वाईट उन्हात इतका चांगला डबा मी पाहिलेला नाही. माझी जुनी सवय आहे, कागदावर विश्वास ठेवायची. ती आज मोडली. काम तुमचंच, आणि पुढचंही." मग त्या मुलांकडे वळल्या आणि त्यांनी बुधवारपासूनची सगळी हकीकत ऐकून घेतली. "तू सावली वाचलीस, तू तुझ्या मैत्रिणीला आवरलंस, आणि तू," त्यांनी रेमेकडे पाहिलं, "तू दोन दिवस गप्प बसलीस. माझ्या हाताखालच्या मोठ्या माणसांनाही हे जमत नाही. शाबास!"

"आणि याचं काय?" रेमेने मोन्काडाकडे बोट केलं.

"सेन्योर मोन्काडा आज संध्याकाळच्या गाडीने माझ्याबरोबर येतील. त्यांचं पुढे काय करायचं ते माद्रिदमध्ये ठरेल. पण आधी त्यांना काहीतरी बोलायचं आहे. नाही का, सेन्योर?"

मोन्काडा जमिनीकडे बघत पुटपुटला. "सेन्योर एलादिओ, चूक माझी होती. तुमचा डबा उत्तम आहे."

"मागच्यांना ऐकू आलं नाही!" रेमे म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"अजून नाही! रविवारी किती स्पष्ट बोलत होतात!"

मोन्काडाचे कान लाल झाले. त्याने मान वर केली आणि सत्तावीस आरशांसमोर, भर उन्हात, ओरडून सांगितलं. आवाज समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला: तुमचा डबा उत्तम आहे, उत्तम आहे!

रेमेने पुन्हा तोंड उघडलं. एलादिओंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे गं," ते म्हणाले. "आता कड्यानेही सांगितलं."

रेमेने क्षणभर विचार केला. मग ती काठावर गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून खाली ओरडली, "कासवा, ऐकलंस का रे?"